रघुजींचे कान आणि सामाईक फ्रिक्वेन्सी

रघुजी शिंत्रे यांना बहिरं ठरवण्याचं काम चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात सुरू झालं आणि आश्विन उजाडेपर्यंत ते जवळजवळ पुरंही झालं होतं. ठरवणारी माणसं दुष्ट नव्हती. मालक चंद्रकांत हुक्केरी तर रघुजींच्याच मुलखातला, निपाणीकडचा, घरात मराठी आणि दारात कानडी बोलणारा भला गृहस्थ. पण भल्या माणसाच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला फार जड जाते.

चंद्रकांतचं बेंगळुरूजवळच्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत ऑक्सिजनच्या सिलिंडरांचं गोदाम होतं. पाच गाड्या शहरभर फिरायच्या. थोडा माल वेल्डिंगच्या कारखान्यांना जायचा, थोडा लहान नर्सिंग होमना. प्रत्येक गाडीत वायरलेसचा संच आणि गोदामाच्या खोलीत मोठा संच. त्या मोठ्या संचापुढं रघुजी बसायचे. कुठल्या गाडीनं कुठं वळायचं, कुणाकडं तातडीनं जायचं, हे सगळं त्यांच्या तोंडून निघायचं आणि त्यांच्या कानांत यायचं.

रघुजी फौजेत सिग्नल्सला हवालदार होते. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: कानाला हेडफोन लावायचा आणि खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढायचा. बर्फातल्या एका चौकीवरचा आवाज सगळ्यांनी सोडून दिला होता, तो यांनी धरला आणि चार जणांचे प्राण वाचले, अशी एक हकीकत होती. ती ते स्वतः सांगत नसत, पण कुणी दुसरा सांगू लागला तर मध्ये थांबवतही नसत. थोडक्यात, बाकीच्यांना डोळे, हात, पाय असतात तसे रघुजींना कान होते. निवृत्त झाल्यावर गावाकडं बसून करमेना, म्हणून ते बायकोसह बेंगळुरूला आले आणि दासरहळ्ळीतल्या एका वठारात, म्हणजे चाळीत, दोन खोल्या घेऊन राहिले.

आणि आता ह्याच कानांवर बोट ठेवलं जात होतं.

पहिली तक्रार शिवाप्पानं आणली. तीन नंबरच्या गाडीचा हा ड्रायव्हर, अंगानं आडवा आणि मनानं सरळ. राजाजीनगरातल्या नर्सिंग होमखाली उभं राहून त्यानं सकाळी आठ वाजता नऊ वेळा हाक मारली. तिथं दोनाऐवजी चार सिलिंडर हवे होते. उत्तर नाही. शेवटी बिचारा रस्ता ओलांडून फोन-बूथवर गेला, तर गोदामाचा फोन बराच वेळ लागेना. रोग्याचं नशीब चांगलं, म्हणून निभावलं.

"अण्णा, झोपला होतात काय?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"मी? सकाळी आठाला?" रघुजी उडालेच. "अरे, सहापासून ह्या खुर्चीवरनं हाललो नाही. तू हाक मारलीच नाहीस."

"नऊ वेळा मारली की!"

दोघंही खोटं बोलत नव्हते आणि दोघांनाही ते दिसत होतं. त्यामुळं भांडणही धड होईना. मग दुसऱ्या गाडीचं तसंच झालं, मग पाचव्या गाडीचं. गंमत अशी, की दुपारी सगळं सुरळीत असायचं. दुपारी ड्रायव्हरनं नुसतं खाकरलं तरी रघुजी विचारायचे, "काय रे, सर्दी झाली काय?" पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात हा माणूस ठार बहिरा! आता असा बहिरेपणा कुणी पाहिलाय? पण लोकांना कारण सापडायला वेळ लागत नाही. चंद्रकांत म्हणाला, रात्रभरात कानात मळ दाटत असणार आणि संध्याकाळी थकवा येत असणार. गोदाम झाडणारी विठाबाई म्हणाली, दृष्ट लागली. रघुजींच्या पत्नीनं काही न म्हणता लसूण घालून तेल कोमट केलं आणि रोज दोन्ही कानांत दोन-दोन थेंब सोडायला सुरुवात केली. रघुजी कापसाचे बोळे घालून कामावर यायला लागले, मग चंद्रकांतनं ते बोळे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

रघुजींना स्वतःला काहीच कळेना. त्यांनी आपल्या परीनं तपासणी चालवली. मनगटावरचं किल्लीचं घड्याळ काढून कानाशी धरायचं आणि टिकटिक ऐकायची. एका सकाळी संडासात बसून लावलं, तर डाव्या कानाला ती आली, उजव्याला आली नाही. पुन्हा लावलं, तर डाव्यालाही नाही. त्यांची पाचावर धारण बसली. संडासातून बाहेर यायलाही धीर होईना. मग लक्षात आलं की घड्याळ बंद पडलंय, किल्ली द्यायची राहिली. जीव भांड्यात पडला खरा, पण त्या दिवसापासून त्यांचा घड्याळावरही विश्वास राहिला नाही आणि कानावरही.

त्यांना आणखी एक गोष्ट खुपायची. फौजेतले संच सतत खरखरायचे. खरखर आहे म्हणजे संच जिवंत आहे. हा नवा संच मात्र मुका. गाडी बोलली की आवाज यायचा, नाहीतर टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. "मालक, ह्याला आवाज का नाही?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. चंद्रकांत ऐटीत म्हणाला होता, "हीच तर करामत आहे, हवालदार. खास जोडणी करून घेतलीय. बाहेरच्या कुणाचा आवाज आत येणार नाही. आपली खासगी लाइन!" फ्रिक्वेन्सीचा परवाना तर त्यानं चौकटीत घालून बनशंकरीच्या तसबिरीशेजारी टांगला होता. रोज दोघांनाही एकच उदबत्ती ओवाळली जायची. परवाना वाचायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आश्विन लागला आणि चंद्रकांतनं एके दिवशी दार लावून घेतलं.

"हवालदार, मला तुमच्याबद्दल आदर हाय," तो खाली बघत म्हणाला. "पण हे ऑक्सिजनचं काम. उद्या कुणी दगावलं तर मी कुणाला तोंड दाखवू? दसरा होऊ द्या. मग तुम्ही गेटवर बसा. पगार तोच. संचावर एखादी मुलगी ठेवतो."

 गेटवर बसायला रघुजींना कमीपणा नव्हता. पण गेटवर बसायचं म्हणजे कान गेले हे सहीशिक्क्यानिशी मान्य करायचं, आणि ते त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या संध्याकाळी बस सोडून ते पीण्यापासून दासरहळ्ळीपर्यंत चालत गेले, आणि वाटेत प्रत्येक आवाज मोजत गेले: लेथ, प्रेस, लॉरीचा हॉर्न, कुत्रं. सगळं ऐकू येत होतं. मग शिवाप्पाच तेवढा का येत नव्हता?

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, पीण्यात यंत्रं बंद असतात. प्रत्येक कारखान्यासमोर कोहळे फोडलेले, लेथपासून सायकलीपर्यंत सगळ्याला झेंडूच्या माळा, आणि साऱ्या रस्त्यांवर हळदकुंकवाचा चिखल. गोदामातल्या गाड्या धुऊन उभ्या होत्या. रघुजी आपलं आयुध पुसायला बसले. मनात एकच, की ही आपल्या हातची शेवटची पूजा.

संचाच्या पुढच्या अंगाला बनशंकरीचं एक चित्र चिकटवलेलं होतं. मागच्या वर्षी संच नवा आला, तेव्हा पूजेला चंद्रकांतनं स्वतःच्या हातानं लावलेलं. वर्षभराच्या गंधानं आणि धुरानं देवीचा चेहरा काळवंडला होता. नवं चित्र आणलेलंच होतं. रघुजींनी नमस्कार केला, ओलं फडकं लावलं आणि जुनं चित्र हलक्या हातानं सोडवलं.

देवीच्या खाली एक चपटं बटण निघालं आणि बटणाशेजारी मुगाएवढा दिवा.

रघुजी बघतच राहिले. वर्षभर ज्या संचापुढं बसलो, त्याला हे अंग होतं? त्यांनी बटण दाबलं. स्पीकरमधून खरखर आली, तीच ओळखीची, फौजेतली. सोडलं, बंद. दाबलं, आली. त्यांना एवढा आनंद झाला की विठाबाईला हाक मारून त्यांनी ती खरखर ऐकवली. ती म्हणाली, "मोडलं काय हो?" नवं चित्र त्यांनी संचाच्या डोक्यावर लावलं. बटण उघडं ठेवलं.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला एका नर्सिंग होमचा तातडीचा फोन आला. शिवाप्पा माळेसकट गाडी घेऊन गेला. संध्याकाळचे सहा म्हणजे रघुजींची बहिरेपणाची वेळ! आणि शिवाप्पाचा आवाज समोर बसून बोलावं तसा स्वच्छ आला. पोचला तेव्हा आला, निघाला तेव्हा आला. रघुजी आणखीनच चक्रावले. काल सहाला कान नव्हते, आज सहाला आहेत. देवीचा कोप म्हणावा की कृपा?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो मुगाएवढा दिवा पेटला. स्पीकर मुका. रघुजींनी बटण दाबलं, आणि खोलीत एक बाई कडाडली.

"बस नंबर सात! बस नंबर सात! सिल्क बोर्डचा चौक सोडलात का? उत्तर द्या! बस नंबर अकरा, तुम्ही स्वल्प थांबा!"

अस्सल धारवाडी कानडी. रघुजी खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी बटण सोडलं, बाई नाहीशी झाली. दाबलं, बाई हजर. सात, अकरा, चार, सोळा, अशा बसगाड्या त्यांच्या खासगी लाइनवरून धडाधड चालल्या होत्या, आणि मधूनच, त्या गर्दीत चेपलेला, शिवाप्पाचा अर्धा शब्द. "अण्णा, रा…"

"बाई, कोण तुम्ही? ही आमची लाइन हाय!" रघुजी माइकमध्ये ओरडले. बाई ढिम्म. तिनं शांतपणे नंबर सातलाच झापलं. त्यांनी तीनदा विचारलं, एकदा फौजी हिंदीतही विचारलं. तिला पत्ताच नाही.

रघुजींनी चंद्रकांतला धरून आणलं, बटण दाबून ऐकवलं आणि संच विकणाऱ्या दुकानातल्या इंजिनिअरला बोलावणं धाडलं. हा शुभंकर, पुण्याहून वर्षापूर्वी आलेला, मराठी ऐकून खूश झालेला. त्यानं भिंतीवरचा परवाना काढला, काच पुसली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा ना सर. शेअर्ड. फ्रिक्वेन्सी तुमच्या एकट्याची नाहीये."

"एकट्याची नाही म्हणजे?" चंद्रकांत म्हणाला. "मी रोज उदबत्ती लावतो तिला!"

"सर, हवेत जागा लिमिटेड आहे. पोलिसांचा पट्टा वेगळा, रेल्वेचा वेगळा, विमानांचा वेगळा, रेडिओ-टीव्हीचा वेगळा. सगळ्यांचं वाटप दिल्लीहून होतं. मग उरल्यासुरल्या जागेत तुमच्यासारख्या प्रायव्हेट कंपन्या. बारीक बारीक पट्ट्या पाडून एकेक पट्टी दोघातिघांना देतात. एक पीण्यात, दुसरा तिकडे लांब इलेक्ट्रॉनिक सिटीत, कामगारांची ने-आण करणारा बसवाला. म्हणजे एकमेकांच्या पायात येऊ नये. पण त्यांच्या बस पार इकडे मल्लेश्वरमपर्यंत येतात आणि यंदा पावसाळ्यात त्यांनी अँटेना उंच केलाय."

"मग ती बाई मला ऐकू का येत नव्हती?" रघुजींनी विचारलं. त्यांच्यापुढं जीवनमरणाचा प्रश्न हाच होता.

"तीच तर खास जोडणी. तुमच्या गाड्यांच्या आवाजात एक खूप खालचा सूर मिसळलेला असतो. माणसाला तो कळत नाही, संचाला कळतो. तो सूर असला तरच तुमचा स्पीकर उघडतो. त्यांचा सूर वेगळा. म्हणून त्या बोलतात तेव्हा तुमच्याकडे शांत. आणि त्याच वेळी तुमची गाडी बोलली, तर ज्याचा जोर जास्त त्याचा आवाज पोचतो. त्यांचा जोर जास्त. सूर त्यांचा, म्हणून स्पीकर बंद. तुमचा ड्रायव्हर आपला ओरडतोय."

"म्हणजे पट्टी एकच. दोघं एकाच घरात राहायचो, फक्त एकमेकांना दिसत नव्हतो," रघुजी म्हणाले.

"करेक्ट, काका. बोलण्याआधी हे बटण दाबून ऐकायचं असतं, कुणी बोलतंय का. मी सांगितलं होतं इन्स्टॉलेशनला."

चंद्रकांतनं वर टांगलेल्या बनशंकरीकडं पाहिलं आणि नजर फिरवली.

रघुजींना सगळं समजलं असं नाही. माणसाला न कळणारा सूर यंत्राला कळतो, हे त्यांच्या डोक्यावरून गेलं. पण एवढं समजलं की नऊ हाका हवेतच मेल्या होत्या, आणि त्यांच्या दारापर्यंत आल्याच नव्हत्या; आयुधपूजेला त्या बस बंद होत्या, म्हणून शिवाप्पा स्वच्छ आला होता. कान शाबूत होते. ते गोदामामागं गेले, सिलिंडरांच्या रांगेआड उभे राहिले आणि खिशातल्या रुमालानं डोळे पुसले. चोपन्नाव्या वर्षी हे शोभत नाही, म्हणून आड.

शुभंकरनं त्या बसवाल्यांचा फोन मिळवून दिला. बाईचं नाव पवित्रा. रघुजींनी कानडीत सगळं सांगितलं.

"अण्णा," मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या सात नंबरच्या ड्रायव्हरचं खरं होतं? मी त्याला तीन मेमो दिले हो! तो शपथ घेऊन सांगत होता की मॅडम, मी बोललो. मला वाटलं, खोटारडा आहे."

आपणही कुणाचं तरी बोलणं असंच चिरडत होतो, हे रघुजींच्या ध्यानात आता आलं. त्यांना वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. भांडायचं म्हणून फोन केला होता, ते राहूनच गेलं.

उपाय त्यांनी वठारातून आणला. वठारात अकरा घरं आणि नळ एक. पाणी सकाळी दोन तास. तिथं घड्याळ बघून प्रत्येकीची दहा मिनिटं ठरलेली. दुसरीच्या वेळात घागर लावली तर अख्खं वठार उठतं. रघुजी म्हणाले, "आपणही तसंच करू या. पहिली पाच मिनिटं तुमची, पुढची पाच आमची. तासाला बारा पाळ्या. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांवर दोघांनी घड्याळ लावायचं. रोग्याचं तातडीचं असलं तर मी फोन करीन, तेव्हा तुम्ही गप्प."

"सरी, अण्णा," पवित्रा म्हणाली. म्हणजे कबूल.

दिल्लीच्या खात्याला जे सुचलं नसतं, ते दासरहळ्ळीच्या नळावरून पीण्यात आलं आणि चालू झालं. ड्रायव्हर आधी कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. गाडी उभी करून, घड्याळाकडं बघत, आपली पाच मिनिटं आली की बोलायचे. चंद्रकांत मैसूरपाकाचा डबा घेऊन आला. "हवालदार, माझं चुकलं," असं त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं. गेटचं नाव पुन्हा निघालं नाही. शिवाप्पा तर जो भेटेल त्याला सांगत सुटला, की आमच्या अण्णांचे कान म्हणजे अजून विशीतले आहेत. रघुजी महिनाभर छाती काढून चालत होते.

कार्तिकातली एक सकाळ. घड्याळात पावणेआठ वाजून दोन मिनिटं. पाळी गोदामाची होती, पवित्रा गप्प होती. दार उघडं होतं, पलीकडच्या टेबलाशी चंद्रकांत हिशेबनीसाशी बोलत होता. विठाबाई फरशी पुसत होती. रघुजी कागदावर मार्ग मांडत बसले होते.

"अण्णा," विठाबाई जवळ येऊन, त्यांचा खांदा हलवून म्हणाली, "शिवाप्पा किती वेळ बोलवतोय. रागावलाय काय तुम्ही त्याच्यावर?"

रघुजींनी मान वर केली. संचाकडं पाहिलं. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. पवित्रा नव्हती, कुणीच नव्हतं. पट्टी मोकळी होती. त्यांनी आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि कान स्पीकरला लावला. मग लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज आला. शिवाप्पाचा असावा. शब्द कळत नव्हते. पलीकडं चंद्रकांत बोलता बोलता थांबला, हिशेबनीस कानावर हात ठेवून इकडं बघायला लागला. म्हणजे आवाज मोठा होता. खोलीभर होता.

रघुजींनी स्पीकरपासून कान काढला. श्रावणापासूनच्या सगळ्या हाका त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या. त्यातल्या किती पवित्राच्या खाली गेल्या होत्या आणि किती आपल्या कानांशी येऊन परत गेल्या होत्या? कुठलं माप लावून हे वेगळं करायचं? त्यांना काहीच समजेना. चंद्रकांत दारात येऊन उभा राहिला होता. मान हलवून "ऐकतोय, ऐकतोय" म्हणता आलं असतं. मग अंदाजानं काहीतरी उत्तर देता आलं असतं. पलीकडं कुणी रोगी वाट बघत असेल, नाहीतर नसेलही.

ते खुर्चीवरून उठले.

"विठाबाई, फडकं ठेवा. बसा इथं," ते म्हणाले. "तो काय म्हणतोय ते मला सांगा."

विठाबाई गोंधळली. तिनं चंद्रकांतकडं पाहिलं, मग लुगड्याला हात पुसले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. थोडा वेळ ऐकून तिनं मान वळवली आणि रघुजींच्या कानाजवळ तोंड आणून, एकेक शब्द तोडून सांगितलं, "चार सिलिंडर पायजेत. दोन न्हाई. चार. आणि लवकर."

रघुजींनी माइक उचलला, त्याचं बटण दाबलं आणि फौजेत शिकवलं होतं तसं, तिनं सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. मग शिवाप्पाचं उत्तर येऊ दिलं आणि विठाबाईला विचारलं, "'बरोबर' म्हणतोय का तो?"

"व्हय," विठाबाई म्हणाली.